शेवटचा पाय

उतारावर मी गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक खाली केला, पेडलवरचा पाय उचलला, आणि गाडी जागची हलली नाही. शेजारी वाचनालयातल्या बाई मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. "बघा," त्या म्हणाल्या, "मी सांगत होते ना? हिला पुढे जायचंच नसतं." सूर तक्रारीचा नव्हता. उशिरा पुस्तकं परत करणाऱ्या माणसांशी बोलून बोलून त्यांचा आवाज कायमचा समजूतदार झाला असावा, आणि मला तो समजूतदारपणाच बोचला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पाण्याच्या टाकीकडून खाली येणारा हा उतार मी गेली वीस वर्षं गाड्या तपासायला वापरते. इथे गाडी नुसती सोडली तरी वळणापर्यंत आपली आपण जाते. मी उतरले आणि पुढच्या चाकाजवळ तळहात धरला. हात लावायची गरजच नव्हती. झळ आली, आणि तिच्याबरोबर घासल्या गेलेल्या ब्रेकचा तो जळका, कडवट वास. दुसऱ्या बाजूला गेले, तिथेही तेवढीच झळ. गेल्या आठवड्यात या गाडीचे ब्रेक मी स्वतः उघडले होते. या खेपेला दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

पहिल्या खेपेला होतं. पहिल्या खेपेला मी सगळा दोष दहाबारावर टाकून मोकळी झाले होते. दहाबारा आमचा जुना कारागीर. दहा-बाराचा पाना सदैव त्याच्या वरच्या खिशात असतो, म्हणून ते नाव पडलं, आणि आता ते इतकं चिकटलंय की त्याची बायकोसुद्धा फोनवर "दहाबारा आहेत का?" असं विचारते. मी नऊ वर्षांची होते तेव्हा तो आमच्या गॅरेजात आला. मी त्याला दादा म्हणते, तो बाबांना उस्ताद म्हणतो. गेल्या महिन्यात तो तीन आठवड्यांच्या रजेवर बहिणीकडे गेला, तिचं घर बांधायला घेतलंय म्हणून. एवढ्या वर्षांतली त्याची पहिली मोठी रजा. बाईंच्या गाडीचं काम त्यानेच केलेलं, गाडी मात्र गेली तो निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. चार दिवसांत बाई परत आल्या, गाडी जड चालते म्हणून. मी मनात म्हटलं, रजेचं डोक्यात असणार, चाकाला धरणाऱ्या कॅलिपरच्या पिनांना ग्रीस लावायचं राहून गेलं असणार. बाईंना तसं सांगितलंही. आमच्या माणसाची चूक झाली, असं अगदी मोठ्या मनाने सांगितलं. आपल्या माणसाची चूक गिऱ्हाइकापुढे कबूल करताना आपण किती प्रामाणिक दिसतो! मग पिना काढल्या, साफ केल्या, ग्रीस भरलं. मध्येच बेकरीवाल्याची व्हॅन तीच तक्रार घेऊन आली. तिचेही ब्रेक मी सोडवून दिले, आणि मनातल्या मनात दहाबाराच्या खात्यावर आणखी एक चूक टाकली. आता बाई तिसऱ्यांदा आल्या होत्या, आणि या वेळचे हात माझे होते.

गाडी हळूहळू गॅरेजात आणली. बाईंना बाबांच्या खोलीत बसवलं. खोली कसली, काचेची एक पेटी. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि बाबा. बाबा लगेच उठून उभे राहिले. बायका, म्हातारे आणि गाडी ढकलत आणणारी माणसं आली की ते उठून उभे राहतात. "बसा बसा," ते म्हणाले, "मुलगी बघते आहे म्हणजे काळजी नको." मग काचेआडून दोघांच्या बोलण्याची नुसती कुजबूज येत राहिली आणि मी जॅक लावला. घाई करणं भाग होतं. अशी गाडी थंड होऊ दिली की ती शहाण्यासारखी सुटते, चाक मोकळं फिरतं, आणि मेकॅनिक गिऱ्हाइकाला वेड्यात काढतो. दोष पकडायचा तर तो तापलेला असतानाच.

चाक जमिनीपासून उचललं, खाली टेकूची घोडी सरकवली, दोन्ही हातांनी फिरवून पाहिलं. फिरेना. दुसरंही फिरेना, आणि दोन्हींचा हट्ट सारखाच. तिथेच मला कळायला हवं होतं, की पिना, रबर, पिस्टन यांतलं काही असतं तर एकच बाजू अडली असती. दोन चाकं एकाच वेळी, एकाच मापाने आजारी पडत नाहीत. पण माणूस आधी जे ठरवतो तेच शोधत बसतो. मी कॅलिपरच्या मागचं, हवा काढायचं निप्पल पाव फेरा सैल केलं. ब्रेक ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. म्हणजे पेडलवर कुणाचा पाय नसताना नळीत दाब अडकून बसला होता. पाय उचलला की ऑइल वर, आपल्या डबीत परत जायला हवं, आणि त्याची परतीची वाट कुणीतरी बंद केली होती. मी बॉनेटमध्ये वाकले. पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलिंडर दोन नटांवर धरलेला असतो. ते सैल केले आणि सिलिंडर नखाएवढा पुढे ओढला. नखाएवढाच. मग खाली येऊन दुसऱ्या, अजून अडलेल्या चाकाला एक बोट लावलं. ते फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. इतकं सोपं होतं. पिना नव्हत्या, रबरी नळ्या नव्हत्या, ऑइल नव्हतं. पेडलमागची दांडी सिलिंडरला कायमची दाबून ठेवत होती. कुणीतरी ती दांडी लांब केली होती, आणि आमच्या गॅरेजात त्या दांडीला हात लावणारा माणूस एकच आहे.

याला आमच्याकडे 'शेवटचा पाय' म्हणतात. गाडी धुवून, पुसून, मी चालवून आणून उभी केली की बाबा येतात. चष्मा वर ढकलतात, सीटवर बसतात, तीनदा पेडल दाबतात. मग खाली सरकून, डॅशबोर्डखाली डोकं घालून, दांडीवरचा नट कधी थोडा इकडे, कधी थोडा तिकडे करतात, परत बसून दाबतात. समाधान झालं की नटावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका देतात. त्यानंतर गाडीला कुणी हात लावायचा नाही. ती सरळ गिऱ्हाइकाकडे जाते. जुनी गिऱ्हाइकं बिल बघायच्या आधी विचारतात, "शेवटचा पाय झाला का?" सहा वर्षांपूर्वी गॅरेज माझ्या हाती आलं तेव्हा बाबांनी चाव्या दिल्या, फळीवरची हत्यारं दिली, गिऱ्हाइकांच्या सवयी तोंडी सांगितल्या. "पेडल तेवढं माझ्याकडे राहू दे," म्हणाले. मला हसू आलं होतं. म्हटलं, राहू दे की. मला तेव्हा वाटलं मी त्यांना काहीतरी दिलं. आज कळतंय, त्यांनी तेवढं सोडून बाकी सगळं मला दिलं होतं, आणि त्या एका गोष्टीच्या जोरावर ते रोज सकाळी दाढी करून इथे येतात.

मी ड्रायव्हरच्या दारातून आत उताणी सरकले. मान स्टिअरिंगखाली, पाय बाहेर, असं वेडंवाकडं झोपून टॉर्च मारला. पिवळा ठिपका ताजा होता. दांडीच्या आट्यांचा बराचसा भाग नटाबाहेर आलेला, नवा कोरा, चकचकीत. जन्मात कधी उजेड न पाहिलेला. हाताने पेडल दाबून पाहिलं. मोकळी चाल अजिबात नव्हती. बोटाने टेकलं की लगेच अडतं. मी तशीच पडून राहिले. माझ्या पाठीखाली कागद चुरचुरत होता, मॅट खराब होऊ नये म्हणून अंथरतो तो, आणि मला उठावंसं वाटेना. उठलं की काचेपलीकडे बाबा दिसले असते.

मोकळी चाल मला शिकवली ती बाबांनीच. मी बारा-तेरा वर्षांची असेन. एका उघड्या गाडीत मला बसवलं, माझा पाय पेडलवर ठेवला आणि खाली उकिडवे बसून त्यावर स्वतःचा हात ठेवला. "दाब. हळू. आणखी हळू. काय लागलं?" काही नाही, मी म्हटलं. "बरोबर. इथे काही नाही लागायचं. इथेही नाही. आता?" आता लागलं. "ते आधीचं जे काही नव्हतं ना, ते सांभाळायचं," बाबा म्हणाले. "बोटभर रिकामं. लोक म्हणतात पेडल टेकवल्या टेकवल्या धरलं पाहिजे. त्यांना म्हणू दे. ते रिकामं काढून घेतलंस तर गाडी स्वतःलाच धरून बसेल." त्यांच्या हाताला तेव्हा रॉकेलचा वास यायचा आणि अंगठ्याचं नख कायम काळं असायचं. माझ्या पावलावर त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. इतकं नीट शिकवणारा माणूस इतकी ढोबळ चूक करेल हे मनाला पटेना, म्हणून मी दुसरा कुणी चोर शोधायला लागले. बाईंच्या घरच्या कुणी पेडल छेडलं असेल? कुणी रस्त्यावरच्या मेकॅनिकने? पण ठिपका ताजा होता, पिवळा होता, आणि तो रंग आमच्याच फळीवरच्या डबीतला होता.

मग ती चप्पल आठवली. उन्हाळ्यातली गोष्ट. बाबा अंगणातून खोलीकडे चालले होते आणि त्यांची उजवी चप्पल अंगणाच्या मधोमध राहिली होती. ते पुढे जात राहिले. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, तापलेल्या फरशीवरून, अगदी रमत-गमत. मी हाक मारली, "बाबा, चप्पल कुणाला दान केलीत?" त्यांनी खाली पाहिलं आणि तेही हसले. "सैल झालीय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागे पट्टा असलेले सँडल आणले. मी हसले होते. हाच किस्सा मी घरी नवऱ्याला सांगितला, बहिणीला फोनवर सांगितला, प्रत्येक वेळी थोडा रंगवून. साखर त्यांना पंधरा वर्षांपासून आहे. साखरेने पाय बधिर होतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तेव्हा ते ठाऊक असलेलं कुठे गेलं होतं कोण जाणे. ज्या तळव्याला तापलेली फरशी कळत नाही, त्याला पेडलमधलं बोटभर रिकामं आणि त्यापुढचं भरलेलं यातला फरक काय कळणार? तो दाबतच राहणार, काहीतरी लागेपर्यंत. आणि लागत नाही म्हणून दांडी लांब करत राहणार.

मला भीती वाटली. बाईंचं मला फारसं वाटलं नाही. त्या हळू चालवतात, फार तर उतारावर थांबतील. पण बेकरीवाला पहाटे घाटात जातो. एकदा ब्रेक तापले की ऑइल फुगतं, ऑइल फुगलं की ब्रेक आणखी धरतात, धरले की आणखी तापतात. शेवटी ऑइल उकळून पेडल बुडाला जातं आणि मग काहीच लागत नाही. त्या व्हॅनलाही बाबांचा शेवटचा पाय लागला होता. म्हणजे आज, आत्ता, बाबांना सांगायला हवं होतं की तुमचा पाय गेलाय. आणि ते मी सांगणार होते, जिला त्यांनीच पेडल शिकवलं.

मी हात पुसले आणि आधी बेकरीवाल्याला फोन केला. व्हॅन उभी ठेवा, चालवू नका, मी संध्याकाळी स्वतः येते, म्हटलं. मग दहाबाराला लावला. कशासाठी, ते मला नीट माहीत नव्हतं. माफी मागायची म्हणून असेल, किंवा आणखी कुणाला तरी माहीत असावं म्हणून. मागे विटा उतरवल्याचे आवाज येत होते. "बोला ताई," तो म्हणाला.

"दादा, पेडलच्या दांडीचं एक विचारायचं होतं."

विटांचा आवाज लांब गेला. तो बाजूला झाला असावा. "कुठली गाडी परत आली?" त्याने विचारलं. मी काही सांगायच्या आतच विचारलं. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"मी अर्धा फेरा कमी करायचो, ताई. उस्तादांचं झालं की मी मॅटवर कागद टाकायला जायचो ना, तेव्हा."

तो कागद. शेवटच्या पायानंतर गाडीला कुणी हात लावायचा नाही, पण कागद टाकायला चालायचं. एक कागद टाकायला या माणसाला पाच मिनिटं लागतात म्हणून मी त्याला किती वेळा टोचून बोलले होते. एकदा तर गिऱ्हाइकासमोर म्हणाले होते, "दादा, कागद टाकतोस की पाळणा बांधतोस?" तो नुसता हसला होता.

"किती दिवस चाललंय हे?"

"दोन वर्षं होत आली. आधी पाव फेरा पुरायचा, मग अर्धा. हल्ली पूर्ण फेरा, कधी दीडसुद्धा. ठिपका परत द्यायचो मी, नटाच्या जागेवर बरोबर."

"दोन वर्षं! आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तुम्हाला उस्तादांना सांगावं लागलं असतं."

"आणि रजेवर जाताना?"

"तेव्हा सांगायला आलो होतो खोलीपर्यंत. उस्ताद तिथेच होते. म्हणाले, जा बिनधास्त, मी आहे ना. मग काय बोलणार? चुकलं माझं, ताई. रोज वाटतंय आज फोन करू, आज करू." मग त्याने विचारलं, "कुणाला लागलं-बिगलं नाही ना?" नाही म्हटलं. त्याने श्वास सोडला तो मला इकडे ऐकू आला. आपण त्याची माफी मागायला हवी हे मला आठवलं आणि मी ती मागितली, पिनांबद्दल आणि पाळण्याबद्दल. त्याला पिनांचं काही कळलंच नाही. "सोमवारी येतो," तो म्हणाला.

मी दांडी मागे घेतली. एक फेरा, मग आणखी पाऊण. बसून दाबलं. काही नाही, काही नाही, आता. मास्टर सिलिंडरचे नट परत आवळले, निप्पलमधून हवा काढली, बाईंना न सांगताच गाडी उतारावर नेऊन सोडली. ती गुमान निघाली आणि वळणापर्यंत गेली. मला आनंद व्हायला हवा होता. दोष सापडला की मला नेहमी होतो, अगदी लहान मुलीसारखा. आज वाटलं, दोष पिनांमध्येच निघाला असता तर किती छान झालं असतं. परत येताना मी रस्ताभर वाक्यं जुळवत होते. बाबा, आता तुम्ही आराम करा. छे, हे नाही. बाबा, पेडलची पद्धत आता बदलली आहे, मापाने करतात. हेही नाही, पण जरा सोपं होतं. म्हणायचं की हल्ली कंपनी मोजपट्टीने करायला सांगते. खोटंही नव्हतं. बाबा मान डोलावतील, कुणाचं काही जाणार नाही. एवढं जुळवून मी आत आले आणि लक्षात आलं, हा माझा अर्धा फेरा होता.

बाई उठून बाहेर आल्या होत्या, त्यांच्यामागे बाबा. "झाली?" बाईंनी विचारलं. झाली, मी म्हटलं, आता नाही अडणार. आणि बाई, अगदी कौतुकाने, एवढ्या दिवसांत आमच्या घरची रीत शिकल्याच्या आनंदात, बाबांकडे वळून म्हणाल्या, "मग आता शेवटचा पाय!" बाबांनी चष्मा वर ढकलला. ते पुढे झाले, गाडीच्या दारापर्यंत आले, हात दाराला लावला. मी दारात आडवी उभी होते. कधी येऊन उभी राहिले ते माझं मलाच कळलं नाही.

"बाबा, आज नको," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग गाडीकडे, पेडलकडे, मग परत माझ्याकडे. एवढ्या वर्षांत असं वाक्य त्या अंगणात कुणी बोललं नव्हतं. बाई पर्सचा पट्टा नीट करायला लागल्या. मला वाटलं बाबा आता चिडतील, आणि चिडले असते तर मी बाजूला झाले असते. मला माझी खात्री नव्हती. पण ते बाईंकडे वळले. "हिने लावलाय पाय," ते म्हणाले. "माझ्याच हाताखाली शिकलीय. निर्धास्त जा." दार त्यांनी स्वतः उघडून दिलं. बाई गेल्या. फाटकाबाहेर पडताना त्यांनी ब्रेक दाबला, मागचे दिवे लागले आणि विझले, आणि गाडी मोकळी पुढे गेली. आम्ही दोघं दोन मेकॅनिकसारखे त्या दिव्यांकडे बघत होतो.

"दहाबाराने सांगितलं का तुला?" बाबांनी विचारलं.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चुकलं. "काय सांगितलं?"

"तो माझ्यामागून नट सैल करतो ते."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"अगं, मी त्याला पाना धरायला शिकवलं. ठिपका मी एका बोटाने देतो, तो ब्रशने देतो. मला कळणार नाही?" ते पान्यांच्या पेटीवर बसले. "आधी राग आला. म्हटलं, बोलावं. पण एवढ्या वर्षांचा माणूस, त्याला काय बोलायचं? उगाच मनात धरेल. मग मी एक केलं. तो अर्धा फेरा काढणार, म्हणून आपण अर्धा फेरा जास्त द्यायचा. त्याच्या वाटणीचा."

"आणि त्याने पूर्ण काढला की?"

"की मी पूर्ण जास्त द्यायचो."

मला हसू फुटलं. हसायची वेळ नव्हती, पण ते आवरेना. मी बाईंच्या गाडीने रिकाम्या केलेल्या जागेत उभी राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दोन वर्षं दोन म्हातारे एका नटाच्या दोन बाजूंना बसले होते, एक आवळतोय, दुसरा सोडतोय, आणि चहा मात्र रोज एकाच किटलीतला घेतायत. बाबाही हसायला लागले. मग त्यांचं हसू आधी थांबलं. "तो नसताना मी तेवढाच देत राहिलो," ते म्हणाले. "सवय." त्यांनी अंगणाकडे पाहिलं. "म्हणून बाई परत आल्या."

"बेकरीवाल्याची व्हॅनसुद्धा," मी म्हटलं. "त्याला उभी ठेवायला सांगितलीय."

हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. पण लगेच त्यांनी स्वतःला सावरलं, आणि मला दिसलं की ते एक जागा शोधत आहेत जिथे उभं राहता येईल. "म्हणजे भानगड त्या जास्तीच्या फेऱ्याची," ते म्हणाले. "तो मी द्यायला नको होता. कबूल. आता तो आला की त्याला मी स्वतः सांगतो, तू सोडू नकोस, मी आवळणार नाही. मग सगळं पहिल्यासारखं."

इथेच मी गप्प बसू शकले असते. हिशोब जुळत होता, चूक सापडली होती, दोघांत वाटून गेली होती. फक्त त्या सगळ्याच्या आधीचा पाव फेरा उरत होता, ज्याच्यामुळे दहाबाराने पहिल्यांदा पाना खिशातून काढला. तो कशासाठी होता ते कुणीच बोललं नव्हतं. मी त्यांच्यासमोर खाली बसले. "बाबा, पहिल्या वेळी त्याने नट का सोडला असेल? तेव्हा तर तुम्ही जास्त काही देत नव्हता."

ते सँडलचा पट्टा चाचपायला लागले.

"पायाला कळतं का नीट?"

"न कळायला काय झालं!" आवाज चढला. "दर सहा महिन्यांनी डॉक्टर बघतो. डोळे मिटायला लावतो, नायलॉनचा दोरा टोचतो, कुठे लागलं ते विचारतो. मागच्या वेळी दहापैकी दहा. विश्वास नसेल तर तू बघ." आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी सँडलचा पट्टा सोडला, मोजा काढला, पाय माझ्या गुडघ्यावर ठेवला. मला तो पाय इतक्या जवळून पाहिल्याचं आठवत नाही. गोरा, स्वच्छ, नखं नीट कापलेली, तळव्याची कातडी गुळगुळीत आणि गार. त्यांनी पाठ ताठ केली आणि डोळे मिटले, परीक्षेला बसल्यासारखे. गॅरेज शांत होतं. माझी बोटं तेलकट होती. त्या पायाला डाग पडायला नको म्हणून मी चिंधी घेतली आणि बोट पुसायला लागले.

"अंगठा," बाबा म्हणाले.

मी अजून बोट पुसत होते.

डॉक्टर दरवेळी अंगठ्यापासून सुरुवात करत असणार. मग करंगळी, मग टाच. ठरलेल्या अंतराने, ठरलेल्या ओळीने. बाबांनी ती ओळ पाठ केली होती. माझ्या जिभेवर 'बरोबर' आलं होतं. किती सोपं होतं ते. त्यांनी डोळे उघडले असते, हसले असते, मोजा चढवला असता, आणि मी दहाबाराला सांगितलं असतं की कागद टाकायला वाटेल तेवढा वेळ घे. मला त्यांची फार माया आली.

"बाबा," मी म्हटलं, "मी अजून हात लावलेला नाही."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. पापण्या जरा हलल्या तेवढंच. रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज पुरता विरेपर्यंत ते तसेच बसले होते.

"मग लाव," ते म्हणाले.

मी चिंधी टाकली आणि तळहात त्यांच्या सबंध तळव्याला लावून दाबला.

"लावलास?"

"लावला."

"जोरात?"

"हो बाबा."

"बरं," ते म्हणाले. मग त्यांनी डोळे उघडले, खाली वाकले, आणि माझा हात कुठे आहे ते पाहिलं.